पिस्टनच्या माथ्यावरील अंतराची रुजुवात

पिस्टन आपल्या प्रवासाच्या अत्युच्च बिंदूस पोहोचला असता त्याचा माथा आणि ज्या सपाट पृष्ठभागावर गॅस्केट ठेवून हेड कसले जाते तो ब्लॉकचा माथा, या दोहोंमध्ये जे किंचित अंतर उरते, त्यास इंजिन बांधणारे कारागीर ‘डेक क्लिअरन्स’ म्हणतात. आणि हे अंतर सर्व सिलिंडरांत समान असणारच असे गृहीत धरून जो जुळणी उरकतो, तो भिन्न प्रकृतीची अनेक इंजिने एकाच क्रँकला जुंपून मोकळा होतो.

अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीच्या सुप्रसिद्ध 350 घनइंची व्ही-8 इंजिनाचा हिशेब उदाहरणादाखल पाहावा. क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंतची मुक्रर उंची 229.24 मिलिमीटर, तीतून क्रँकची त्रिज्या 44.20, कनेक्टिंग रॉडची लांबी 144.78 आणि पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचे 39.62 मिलिमीटर वजा केले की अवघे 0.64 मिलिमीटर शिल्लक राहतात. या चारही मापांत कारखान्याने थोडी सूट मान्य केलेली असते, आणि त्या सर्व सुटींचा बोजा शेवटी या इवल्या शिलकेवर पडतो. बोअर 101.6 मिलिमीटरचा असल्यामुळे पाव मिलिमीटर अंतर घटले तरी दहनकक्षातील सुमारे 2 घनसेंटिमीटर जागा नाहीशी होते, आणि 9 असलेले संपीडन-गुणोत्तर 9.2 च्या घरात जाते. शिवाय गॅस्केटच्या जाडीसह पिस्टन व हेड यांच्यात साधारण 1 मिलिमीटर जागा राखली, तर तेथून दाबून बाहेर पडणारे मिश्रण दहनकक्षात उपकारक खळबळ माजविते. जागा फार वाढली की हा लाभ ओसरतो, आणि फार घटली की वेगात ताणल्या जाणाऱ्या रॉडमुळे पिस्टन हेडवर आदळण्याचे भय उत्पन्न होते.

मापन डायल गेजने करावे, परंतु त्याचे टोक पिनच्या अक्षाच्या बरोबर वर, दोन्ही बाजूंस आळीपाळीने टेकवावे. कारण पिस्टन पिनभोवती किंचित डुलतो आणि अक्षापासून दूर घेतलेले माप फसविते.

आठही नोंदी हाती आल्या म्हणजे त्यांच्यातील संगती शोधावी. एका रांगेत अंतर एका टोकाकडून दुसऱ्याकडे क्रमाने घटत असेल, तर ब्लॉकचा माथा क्रँकला समांतर नाही. एकाच क्रँकपिनवर बसणारे 1 आणि 2 हे सिलिंडर मिळून वेगळे निघाले, तर संशय क्रँकवर जातो. आणि एकटाच सिलिंडर बिघडलेला दिसला, तर त्याचा पिस्टन रॉडसह त्याच रांगेतील दुसऱ्या सिलिंडरात घालून पाहावा. तफावत सोबत गेली तर दोष रॉडचा किंवा पिस्टनचा. जागीच राहिली तर ब्लॉकचा किंवा क्रँकचा.

एवढी रुजुवात होण्यापूर्वी ब्लॉक यंत्रावर चढवून त्याचा माथा तासणे हे उतावळेपणाचे आहे. रॉड-पिस्टनांची अदलाबदल करून जे साधते, त्यासाठी धातू खर्ची घालू नये. तासलेला ब्लॉक पूर्ववत होत नाही, आणि व्ही आकाराच्या इंजिनात हेड खाली उतरल्यामुळे इनटेक मॅनिफोल्डची भोकेही जुळेनाशी होतात. दोष ब्लॉकचाच आहे असे मापांनी सिद्ध झाले, तरच आणि तेवढ्यापुरताच ब्लॉक तासावा.