एक धावपट्टी, दोन विमाने : आकाशातील वाहतुकीचा हिशेब

व्यापारी कुटुंबांत विमानप्रवास आता नवलाईचा राहिलेला नाही. सुरतेची कापडखरेदी असो, चेन्नईतील नातेवाइकांकडचे लग्न असो, की बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलांची भेट असो, तिकीट मोबाइलवर निघते आणि बॅग भरली जाते. मुळशी तालुक्यातील आमच्या चांदे गावाहून लोहगावचा विमानतळ गाठायचा म्हणजे अवघे पुणे शहर ओलांडावे लागते. त्या रस्त्यावरील कोंडीबद्दल आपण भरपूर बोलतो. विमानात बसल्यानंतरही एका अरुंद आणि अत्यंत गजबजलेल्या रस्त्यावरूनच आपला प्रवास सुरू व्हायचा असतो, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. तो रस्ता म्हणजे धावपट्टी.

धावपट्टीचा साधा आणि निरपवाद नियम असा की, एका वेळी तिच्यावर एकाचाच हक्क. हा नियम मोडला की काय होऊ शकते, याचा दाखला ८ जून २०२४ रोजी मुंबईत मिळाला. तिरुवनंतपुरमला निघालेले एअर इंडियाचे विमान २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून उड्डाणासाठी धावत होते. ते जमीन सोडते न सोडते तोच इंदूरहून आलेले इंडिगोचे विमान त्याच धावपट्टीवर त्याच्या मागे उतरले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. आपल्या वैमानिकांनी नियंत्रण कक्षाच्या परवानगीनुसारच कृती केली, असे दोन्ही कंपन्यांनी सांगितले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी सुरू केली व संबंधित नियंत्रकास कामावरून बाजूला ठेवण्यात आले.

ही घटना समजून घ्यायची तर मुंबई विमानतळाची रचना पाहावी लागते. तेथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग करावा लागतो. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी या विमानतळाने चोवीस तासांत १०३२ विमानांची ये-जा हाताळण्याचा विक्रम केला. बँकेतील सवयीने मी याचा भागाकार केला, तेव्हा सरासरी दर ८४ सेकंदांना एक विमान चढते अथवा उतरते, असे उत्तर आले. आणि ही झाली दिवसभराची सरासरी. गर्दीच्या वेळी तासाला ४६ विमानांची मर्यादा होती, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ७८ सेकंद. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने ही मर्यादा ४४ वर आणण्याचे निर्देश दिले. त्याने प्रत्येक विमानामागे जेमतेम साडेतीन सेकंद वाढले. एवढ्याच अवकाशात आधीच्या विमानाने धावपट्टी मोकळी करायची, पुढच्याने तिच्यावर यायचे आणि तिसऱ्याने आकाशात अंतर राखून वाट पाहायची.

मुंबईच्या आकाशातील सर्वांत चमत्कारिक घोटाळे मात्र याहून जुने आहेत. जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. कराचीहून निघालेले जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपाल घेऊन येथेच उतरले होते. पुढे मोठ्या विमानांची वाहतूक सांताक्रूझला गेली. हे दोन्ही विमानतळ अगदी जवळजवळ, आणि दोन्हींच्या एकेका धावपट्टीचा रोखही जवळपास सारखाच. जुलै १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनी बीओएसीचे ‘कॉमेट’ हे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड पट्टीवर उतरले. ते तेथून बाहेर काढायला सुमारे नऊ दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी हीच चूक जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाच्या हातून झाली. लंडनहून टोकियोला जाणारे ते विमान जुहूला उतरले आणि धावपट्टी संपल्यावरही पुढे घसरत गेले. जीवितहानी झाली नाही, मात्र ते विमान पुन्हा उडू शकले नाही.

अशी गल्लत फक्त आपल्याकडेच झाली असे नाही. १९६० मध्ये लंडनच्या हीथ्रोऐवजी पॅन अॅमचे बोइंग ७०७ शेजारच्या नॉर्थोल्टला उतरले. त्यानंतर तेथील गॅसच्या प्रचंड टाक्यांवर वैमानिकांसाठी मोठी अक्षरे रंगवण्यात आली : हीथ्रोच्या वाटेवर ‘एलएच’ आणि नॉर्थोल्टच्या वाटेवर ‘एनओ’. दोन दुकानांच्या पाट्या सारख्या दिसू लागल्या की गिऱ्हाइकाला दोष देत बसण्यापेक्षा पाटी बदलणे शहाणपणाचे, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता नियंत्रकांच्या कामाकडे वळू. धावपट्टीचा क्रमांक हा होकायंत्रावरील दिशेचा दहावा भाग असतो. पश्चिमेकडे, म्हणजे २७० अंशांकडे, तोंड असलेली पट्टी २७ क्रमांकाची; तीच पट्टी पूर्वेकडे तोंड करून वापरली की ०९. जमिनीवर विमान चालवण्याची परवानगी एक नियंत्रक देतो, धावपट्टी दुसऱ्याच्या ताब्यात असते, आणि येणाऱ्या विमानांची रांग तिसरा लावतो. नागरी विमानतळांवर हे काम भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे अधिकारी करतात. पुण्याचे लोहगाव हा वायुदलाचा तळ असल्याने तेथील नियंत्रण वायुदलाकडे आहे. प्रत्येक आदेश वैमानिकाने जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा आणि नियंत्रकाने तो नीट ऐकायचा, ही या कामातील मूळ शिस्त. फोनवर मालाची ऑर्डर घेताना नग आणि भाव परत वाचून दाखवणारा जाणता मुनीम हेच करीत असे.

ही शिस्त किती महाग किमतीने आली, ते टेनेरिफच्या इतिहासातून कळते. २७ मार्च १९७७ रोजी त्या स्पॅनिश बेटावर दाट धुक्यात दोन जंबो जेट एकाच धावपट्टीवर होती. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसतानाही केएलएमच्या विमानाने धाव सुरू केली आणि ते पॅन अॅमच्या विमानावर आदळले. ५८३ जणांचा अंत झाला. बोलण्यातील संदिग्धता हे त्याचे एक मोठे कारण होते. तेव्हापासून ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी दुसरा शब्द वापरायचा, असा दंडक पडला.

तरीही शब्द दगा देतातच. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या तटरक्षक दलाच्या विमानाला, तुमचा क्रमांक पहिला, असे सांगून धावपट्टीच्या अलीकडे थांबण्याच्या जागेपर्यंत येण्यास सांगण्यात आले. आपल्याला धावपट्टीवर जाण्याची परवानगी मिळाली, असा वैमानिकाचा समज झाला. ते विमान तेथे सुमारे ४० सेकंद उभे होते. नियंत्रकाच्या पडद्यावर इशारा उमटत होता, पण तो कोणाच्या लक्षात आला नाही. उतरणारे जपान एअरलाइन्सचे विमान त्यावर आदळले. तटरक्षक विमानातील सहापैकी पाच जण मृत्युमुखी पडले. जळत्या प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण मात्र बाहेर पडले, कारण त्यांनी कर्मचाऱ्यांचे ऐकले आणि सामान मागेच सोडले.

पुण्यालाही अशा प्रसंगाची झळ लागून गेली आहे. १५ फेब्रुवारी २०२० रोजी लोहगावहून दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे विमान ताशी सुमारे २२० किलोमीटर वेगाने धावत असताना वैमानिकांना समोर एक जीप आणि एक माणूस दिसला. त्यांनी नेहमीपेक्षा आधीच विमान उचलले. शेपटीकडील भागाला इजा झाली, पण विमान दिल्लीला सुखरूप पोहोचले.

या साऱ्या घटनांत कोणी एक माणूस चुकला, असे म्हणून वही बंद करता येईल. चार दशके बँकेत काढल्यावर मला ते पटत नाही. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, त्या कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्यासाठी नव्हे. थकवा, घाई आणि गैरसमज प्रामाणिक माणसालाही गाठतात, म्हणून. विमानतळावर दुसरी किल्ली म्हणजे जमिनीवरील हालचाल दाखवणारे रडार, धावपट्टीच्या तोंडाशी अडवणारे लाल दिवे आणि पुरेशी विश्रांती घेतलेला नियंत्रक. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे आणि तेथे समांतर धावपट्ट्यांची योजना आहे. मुंबईवरील भार हलका होण्याची आशा त्यामुळे बाळगता येते. मात्र मोकळी झालेली प्रत्येक जागा लगेच नव्या उड्डाणाने भरली, तर मुंबईची ७८ सेकंदांची तारेवरची कसरत पुन्हा होती तशीच राहील.

यात आपलाही वाटा आहे, वाचकहो. विमान उतरता उतरता एकाएकी पुन्हा वर गेले, तर घाबरू नये आणि वैमानिकाला नावेही ठेवू नयेत. धावपट्टी मोकळी नसेल तर त्याने तसेच करायला हवे. विमान दारातून निघून अर्धा तास रांगेत उभे राहिले, तर तो अर्धा तास आपल्या खात्यातून वजा झाला असे समजू नये. उशिराची भरपाई पुढच्या दिवशी, पुढच्या सौद्यात करता येते. धावपट्टीवरील चुकीची भरपाई मात्र कोणत्याही खतावणीत लिहिता येत नाही.