फोटो खोटा, कलम खरं

‘वकीलताई, अंग तिचं नाहीच, मग केस कशी होणार?’ शाळेतल्या मुलीचा चेहरा ॲपमध्ये घालून कुणी नग्न फोटो बनवला, की आईबाप मला हमखास हे विचारतात. होते केस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली, तेव्हा एआयचा एवढा बोलबाला नव्हता. तरी संगणकावर तयार केलेली, खऱ्या मुलापासून वेगळी ओळखू न येणारी प्रतिमा तेव्हाच बाल-अश्लीलतेच्या व्याख्येत आली. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 67 ब कलम आहे. मुलाला अश्लील रूपात दाखवणारी प्रतिमा नुसती बनवली, तरी पहिल्याच गुन्ह्याला 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड. ‘पाठवला कुठे, मोबाइलमध्ये पडून होता,’ ही सबबही सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये पार लंगडी करून टाकली.

घोळ घालतात ते घरचेच. काका म्हणतात, पुसून टाका. मामा पुरावा म्हणून तोच फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात! दोन्ही नको. खात्याचं नाव, लिंक, तारीख-वेळ कागदावर लिहा, फोन आहे तसा पोलिसांकडे न्या. फोटो कुणालाही पाठवू नका, मुख्याध्यापकांनाही नाही. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन आहेच. ‘पोरीचं नाव खराब होईल’ ही भीती मी समजू शकते. पण तिचा जबाब घरी घेता येतो, पोलिसांनी गणवेशात यायचं नसतं आणि तिचं नाव, शाळा छापायला वर्तमानपत्रांना मनाई आहे.

करणारा वर्गातलाच निघाला तर? तो अठराच्या आतला असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. स्पेनमधल्या अल्मेंद्रालेहो गावात शाळकरी मुलींचे असे फोटो फिरले. 2024 मध्ये तिथल्या न्यायालयाने 15 अल्पवयीनांना वर्षभर देखरेखीखाली ठेवलं, स्त्री-पुरुष समानतेचे धडे घ्यायला लावले. मला ते पटलं.

फोटो अश्लील नसेल, तर मात्र आपला कायदा तोकडा पडतो. अमिताभ बच्चन यांची नात अकरा वर्षांची असताना तिच्या आजारपणाचे, मृत्यूचेही खोटे व्हिडिओ यूट्यूबवर फिरत होते. एप्रिल 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते काढायला लावले. तालुक्यातल्या बापाने दिल्ली कशी गाठायची? अशा पक्षकारासाठी मी आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करते. 2021 च्या नियमांनुसार असा अधिकारी नेमावाच लागतो. अर्जाला मुलाचा जन्मदाखला जोडते.