कणसावरची ‘चिमणी’ खरं तर कोण?

ज्वारी हुरड्यात आली की श्रीपूरसह सोलापूर जिल्ह्यातल्या शिवारांत पिवळ्या पोटाच्या पाखरांचे थवे दिसतात. अनेकांना त्या चिमण्याच वाटतात आणि गोफण फिरते. पण यात काळ्या डोक्याचे भारीटही असतात. आग्नेय युरोप ते इराण या पट्ट्यात वीण करून ते हिवाळ्यात इकडे येतात.

चिमणीसारखे का दिसतात?
दाणा फोडायला जाड, शंकूसारखी चोच लागते. खाद्य सारखे असल्याने वेगवेगळ्या कुळांत अशी चोच घडली. पूर्वी अभ्यासक भारिटांना फिंच पक्ष्यांच्या कुळात धरत. डीएनए अभ्यासानंतर त्यांचे ‘एम्बेरिझिडी’ हे वेगळे कूळ पक्के झाले.

गोंधळ मिटला?
पूर्ण नाही. लाल डोक्याचा भारीटही हिवाळ्यात भारतात येतो. उत्तर इराणमध्ये या दोन जातींचा संकर होतो. त्यांच्या माद्या ओळखताना जाणकारही अडखळतात.

नावाने काय फरक पडतो?
एकेकाळी विपुल असलेला पिवळ्या छातीचा भारीट बेसुमार पकडला गेला आणि २०१७ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. आपल्या भारिटांची नोंद ‘चिमणी’ म्हणून झाली, तर ते घटले तरी कळणार नाही.