शंभरदा विचारलेला एकच प्रश्न

समजा, मुलुंडच्या एका घरात आठ वर्षांची मुलगी फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे काही काळ दुसऱ्या कुटुंबात, राहायला आली आहे. हातून पेला फुटला. ‘काकू, रागावलात का?’ नाही म्हटलं, तरी पाच मिनिटांनी पुन्हा तेच. रात्री दिवा मालवताना, ‘मला परत पाठवणार?’ किती वेळा सांगायचं, असं काकूंना वाटणारच. पण ती हट्ट करत नसते. मोठी माणसं निघून जातात, हे ती अनुभवानं शिकली आहे. एका ‘नाही गं’नं ते कसं पुसलं जाईल?

आणि ही भीती नुसती मनात राहत नाही, ती लाळेतसुद्धा मोजता येते! कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सकाळी भरपूर असतं आणि रात्रीपर्यंत उतरत जातं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी डोझियर यांनी फॉस्टर केअरमधल्या चिमुरड्यांची लाळ तपासली, तेव्हा अनेकांचा हा रोजचा चढउतारच बिघडलेला दिसला. त्यांचं दुसरं निरीक्षण मला जास्त चटका लावतं. अशी मुलं धडपडली तरी सांभाळणाऱ्याकडे धाव घेत नाहीत, जवळ घेतलं तर अंग चोरतात. मग मोठी माणसंही नकळत हात आखडता घेतात. डोझियर यांनी घरी जाऊन, दहा भेटींत, पालकांना उलटं शिकवलं: मूल दूर लोटत असलं तरी त्यानं माया मागितलीच आहे असं धरून वागा. मुलांचं कॉर्टिसॉल इतर मुलांसारखं होऊ लागलं. गोळी नाही, इंजेक्शन नाही. कुणीतरी रोज तसंच वागत राहिलं, एवढंच.

असा फरक मेंदूतही दिसतो. रोमानियात एका अभ्यासात बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या 136 बाळांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशी फॉस्टर घरं मिळाली. दोन वर्षांच्या आत घरी गेलेल्यांच्या मेंदूलहरी आठव्या वर्षी आईबापांकडे वाढलेल्या मुलांसारख्या दिसल्या.

मग काकूंनी म्हणावं काय? ‘तुला कधीच सोडणार नाही’ हे तोंडावर येतं, पण फॉस्टर केअर बहुधा तात्पुरती असते, निर्णय बालकल्याण समितीचा असतो. खोटा ठरू शकणारा शब्द अशा मुलाला देऊ नये. त्यापेक्षा, ‘पेला फुटला म्हणून वैतागले, तुझ्यावर नाही. उद्या शाळेच्या फाटकाशी मीच येणार.’ आणि यायचंच, पाऊस असला तरी. शिवाय तिनं विचारायची वाट कशाला पाहायची? न विचारता मिळालेला दिलासा तिला मागावा लागत नाही.

आपल्याकडे बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 44 मध्ये फॉस्टर केअरची तरतूद आहे. 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार एकटी व्यक्तीही मूल सांभाळू शकते, आणि दत्तक घेण्याआधी सांभाळण्याचा काळ पाचवरून दोन वर्षांवर आला आहे. मुलुंडकरांनी चौकशी करायची ती मुंबई उपनगरच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात.