हळद, मलम आणि वाहते पाणी

कारखान्यात बोट कापले की आमच्या कामगारबंधूला आधी हळद आठवते. त्याला आम्ही हसणार नाही. हळदीने जखम भरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले, तेव्हा आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी दाखले पुढे ठेवून ते १९९७ साली रद्द करविले.

पण वारसा आपला म्हणून विचार सोडू नये. जखम भरते ती शरीर. ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर येते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवरील प्रयोगांनी दाखविले. कोरफडीचे वा हळदीचे मलम तो ओलावा टिकविते. मात्र आत घाण राहिली, तर तीही मलमाखाली कोंडते. म्हणून आधी वाहत्या पाण्याने धुणे, मग स्वच्छ मलमाचा पातळ थर, वर पट्टी. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, ती जखमेत भरू नये.

खिळा खोल रुतला, तर मलमावर विसंबू नका. धनुर्वाताचे जंतू हवा न पोचणाऱ्या जागीच वाढतात. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, लस घ्या. अर्धा रोज बुडेल म्हणून थांबणारे आम्ही पुष्कळ पाहिले. बुडालेला रोज भरून काढता येतो, जीव नाही.