दोन जिवांची कसरत

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या फराळाला बसलो असता आमच्या ताईने एक बातमी आणि एक तक्रार एकदमच वाढली. बातमी अशी, की भाचीला पाचवा महिना लागला. तक्रार अशी, की ती आठवड्यातून दोनदा 'पिलाटीज'ला जाते.

"हे काय ग नवीन?" आमच्या आईने विचारले. "पिलाशी काही संबंध आहे का त्याचा?"

मी मराठीची प्राध्यापिका. शब्दाचा प्रश्न निघाला, की घरातले सगळे माझ्या तोंडाकडे पाहतात. पण या शब्दापुढे माझी एम. ए. ची पदवी थिटी पडली. आम्ही हसलो. ताई मात्र हसली नाही.

तिच्या न हसण्याला कारण होते. दीड वर्षापूर्वी भाचीला दिवस राहिले होते, आणि तिसऱ्याच महिन्यात सारे संपले. त्या दिवसांत ती रोज सकाळी टेकडीवर फिरायला जाई. "ती टेकडीच नडली," असे ताई एकदाच म्हणाली. पण ते वाक्य जुन्या भाडेकरूसारखे घरात ठाण मांडून बसले.

"तू शिकलेली आहेस. तू तरी सांग तिला," ताई मला म्हणाली.

सांगण्याआधी पाहावे, म्हणून मी भाचीबरोबर पुण्याला गेले. आधी तिच्या डॉक्टरीणबाईंना गाठले आणि टेकडीची गोष्ट सरळ विचारली. त्या म्हणाल्या, "पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडतो, तो बहुतेक वेळा गुणसूत्रांतल्या दोषामुळे. चालण्याफिरण्याचा त्यात दोष नसतो."

भाची काही बोलली नाही. ओढणीच्या टोकाशी चाळा करीत खाली पाहत राहिली. एवढे दिवस या पोरीने तो आरोप मुकाट्याने वाहिला होता, हे मला तेव्हा उमगले.

संध्याकाळी आम्ही वर्गाला गेलो. तिथे कळले, की पिलाटीज हे एका माणसाचे आडनाव. जोसेफ पिलाटीज १८८३ साली जर्मनीत जन्मला. लहानपणी प्रकृतीने तोळामासा. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता. शत्रुदेशाचा नागरिक म्हणून त्याला आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत स्थानबद्ध केले गेले. तिथे त्याने आपली व्यायामपद्धती घडवली. पुढे १९२६ साली तो न्यूयॉर्कला गेला, आणि नर्तक-नर्तकी त्याच्याकडे येऊ लागल्या. त्याने स्वतः या पद्धतीला 'कंट्रोलॉजी' म्हटले होते; शरीरावर मनाचा ताबा, असा त्याचा अर्थ. १९६७ साली तो वारला, आणि मागे त्याचे आडनावच व्यायामाला चिकटले.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याचे मूळ व्यायाम गरोदर बाईसाठी बेतलेले नव्हते. १९४५ सालच्या त्याच्या पुस्तकात ३४ व्यायाम आहेत. त्यांतला पहिलाच उताणे पडून, डोके आणि पाय उचलून, हात शंभरदा हलवण्याचा! दोन जिवांच्या बाईने तो करू नये. म्हणून मोबाइलवर पाहून घरी सतरंजी अंथरणाऱ्यांनी जपून असावे. गरोदर स्त्रियांना शिकवण्याचे खास शिक्षण घेतलेली शिक्षिकाच हवी.

भाचीच्या शिक्षिकेने आरंभीच डॉक्टरांची चिठ्ठी मागून घेतली होती. तिचे व्यायाम पाहून माझी निम्मी धास्ती गेली. कुशीवर निजून पाय उचलणे, हातागुडघ्यांवर येऊन मांजरासारखी पाठ गोल करणे, भिंतीला टेकून अर्धे बसणे, रबरी पट्टा ओढणे. उड्या नाहीत, पिळे नाहीत, तोल जाईल असे काही नाही. जोर लावताना श्वास सोडायचा; कोंडून धरायचा नाही. चौथ्या महिन्यानंतर फार वेळ उताणे पडायचे नाही, कारण गर्भाशयाच्या भाराने हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर दबते आणि चक्कर येते. पोटाच्या मध्यावर उंचवटा उठू लागला, तर तो व्यायाम तिथेच थांबवायचा. सांधे या काळात सैल होतात, म्हणून ताण देतानाही हात राखून.

आणखी एक व्यायाम होता, ज्याविषयी आपल्याकडे बायका बोलत नाहीत. लघवी अडवताना आपण जे स्नायू आवळतो, ते आवळायचे आणि तितकेच सावकाश सैल सोडायचे. बाळंतपणानंतर खोकताना, शिंकताना कपडे ओले होतात, तो त्रास याने कमी होतो. मी स्वतः तो कित्येक वर्षे लपवला आहे, म्हणून येथे लिहिते.

किती करावे? प्रकृती ठीक असेल, तर आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. त्यात चालणेही आले. मध्यम म्हणजे किती? व्यायाम करताना शेजारणीशी बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली, की जास्त झाले.

मात्र सगळ्यांनाच ही मुभा नाही. वार खाली सरकलेली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, गरोदरपणात रक्तदाब चढला असेल, हृदयाचा विकार वा मोठा पंडुरोग असेल, तर डॉक्टरांचा शब्द अखेरचा. आपल्या देशात निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्त कमी असते. तेव्हा तपासणी आधी, व्यायाम मागून. आणि अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, नियमित कळा, छातीत दुखणे, चक्कर, जबर डोकेदुखी, एका पोटरीला सूज येऊन दुखणे, यांतले काहीही झाले तर तत्काळ थांबून दवाखाना गाठावा.

परतल्यावर मी हे सारे घरी सांगितले. आई म्हणाली, "आमच्या सासूबाई नवव्या महिन्यापर्यंत जात्यावर बसत. त्यांना कुठला आला वर्ग?" खरे आहे. पण जाते हे काम होते. 'आज दुखते आहे, थांबते' असे म्हणण्याची सोय त्यात नव्हती. व्यायामात ती असते, आणि तीच त्यातली मोठी सुरक्षितता.

ताई गप्प ऐकत होती. टेकडीचे कळल्यावर ती उठून आत गेली, आणि आतून भाचीला फोन लावल्याचा आवाज आला. काय बोलली, ते मी विचारले नाही.

या चैत्रात भाचीला मुलगी झाली, तीही शस्त्रक्रियेने. व्यायामाने बाळंतपण सुलभच होईल, अशी हमी कोणी देऊ नये. दवाखान्याच्या व्हरांड्यात शेजारची एक बाई म्हणाली, "एवढे व्यायाम करून शेवटी पोट फाडावेच लागले ना?"

मी उत्तर देणार, तोच ताई म्हणाली, "दोघी सुखरूप आहेत. पोरीने काही चुकीचे केले नाही."