लॅपटॉपला मोठा पडदा जोडताना

लॅपटॉपची सोय त्याच्या घडीत असते आणि गैरसोयही तिथेच दडलेली असते. कळफलक आणि पडदा बिजागरीने एकमेकांना जखडलेले असल्याने हात सोयीच्या उंचीवर ठेवले, तर मान खाली झुकते. पडदा डोळ्यांसमोर आणला, तर हात अवघडतात. प्रवासात तासा-दोन तासांसाठी हे चालून जाते. २०२०च्या टाळेबंदीत मात्र जेवणाच्या टेबलालाच कार्यालयाचे रूप आले आणि दिवस दिवस त्या छोट्या पडद्यात डोकावण्याची वेळ आली. तेव्हापासून स्वतंत्र मॉनिटर ही अनेक घरांतली गरजेची वस्तू झाली आहे. तो घरी आणून जोडल्यावर पडद्यावर ‘नो सिग्नल’ एवढीच अक्षरे उमटली, की विकत घेणाऱ्याचा विरस होतो. अशा वेळी दोष मॉनिटरला दिला जातो. प्रत्यक्षात घोटाळा बहुधा जोडणीत असतो.

म्हणूनच मॉनिटर निवडण्याआधी लॅपटॉपच्या कडा नीट पाहाव्यात. पंधरा छिद्रांचे, बहुधा निळ्या रंगाचे व्हीजीए पोर्ट १९८७ मध्ये आयबीएमच्या संगणकांबरोबर आले. त्यातून चित्र अॅनालॉग स्वरूपात जाते. २००२ मध्ये आलेल्या एचडीएमआयचा संकेत डिजिटल असतो. त्यामुळे लॅपटॉपला केवळ एचडीएमआय आणि कपाटातल्या जुन्या मॉनिटरला केवळ व्हीजीए असेल, तर संकेताचे रूपांतर करणारा कन्व्हर्टर मध्ये लागतो. तो घेताना दिशा स्पष्ट सांगावी. ‘एचडीएमआयकडून व्हीजीएकडे’ आणि ‘व्हीजीएकडून एचडीएमआयकडे’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. डिस्प्लेपोर्टचेही तसेच. लॅपटॉपच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयमध्ये जाणारी साधी केबल सहसा चालते. तीच उलटी लावली, तर पडदा काळाच राहतो.

खरी फसगत होते ती यूएसबी-सीच्या बाबतीत. २०१४ मध्ये ठरलेले हे लंबगोल पोर्ट सगळीकडे सारखे दिसते, पण त्याचे गुण सारखे नसतात. एखाद्या लॅपटॉपवर त्यातून फक्त माहितीची देवाणघेवाण होते, दुसऱ्यावर चार्जिंगही होते आणि तिसऱ्यावर या दोहोंसोबत चित्रही जाते. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचे चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज कोरलेली असेल, तर चित्र जाईल असे समजावे. चिन्ह नसल्यास उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ हे शब्द शोधावेत. केबलचीही तीच तऱ्हा. मोबाइल चार्जरची केबल लॅपटॉपमध्ये आणि मॉनिटरमध्ये व्यवस्थित बसते, मात्र तिच्यातून चित्र जाईलच असे नाही. सारे जुळून आले, तर एकाच केबलने चित्रही दिसते आणि लॅपटॉप चार्जही होतो. तरीही वॅट पाहणे आलेच. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा आणि मॉनिटर देणार १५ वॅट, असे असेल, तर मूळ चार्जर लावून ठेवण्याला पर्याय नाही.

जोडणी झाल्यावर मॉनिटरच्या बटणांतून योग्य ‘इनपुट’ निवडावे. विंडोजवर ‘विंडोज’ आणि ‘पी’ या कळा एकत्र दाबल्या, की चार पर्याय येतात. त्यांतील ‘डुप्लिकेट’मुळे दोन्हीकडे एकच चित्र दिसते, सादरीकरणाला ते ठीक, रोजच्या कामाला ‘एक्स्टेंड’ घ्यावा. माउस भलत्याच कडेने बाहेर पडत असेल, तर डिस्प्ले सेटिंग्जमधील दोन चौकोन प्रत्यक्ष मांडणीप्रमाणे सरकवावेत. अक्षरे धूसर दिसत असतील, तर ‘रिझोल्यूशन’ मॉनिटरच्या मूळ आकड्यावर आणावे. ‘फोर-के’ मॉनिटरवर माउस अडखळत चालल्यासारखा वाटला, तर जोडणी एचडीएमआय १.४ची असण्याचा संभव असतो. त्या पातळीवर एवढे मोठे चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते. दोन मॉनिटर लावण्याचा बेत असेल, तर आधी यंत्राची मर्यादा पाहावी. अॅपलचे २०२०चे एम१ मॅकबुक एअर अधिकृतपणे एकच बाह्य पडदा चालवते.

एवढा खटाटोप करून मॉनिटर बाजूला, तिरका ठेवला, तर मान पुन्हा वळलेलीच राहते. तो समोर, हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली येईल असा असावा. कळफलक आणि माउस वेगळे घ्यावेत. खिडकी पाठीमागे नसावी, बाजूला असावी. आणि बायफोकल चष्मा वापरणाऱ्यांनी पडदा आणखी थोडा खाली घ्यावा. नाहीतर वाचण्यासाठी हनुवटी सतत वर उचलावी लागते.